सोपानतात्यांचं तरस

माझ्या लग्नाच्या सीडीत सासूबाई मांडवात पाऊल टाकतात तेव्हा वीज कडाडते. लग्न वैशाखातलं, आभाळ निरभ्र, तरी कडाडते. मग कॅमेरा केळीच्या खुंटाआडून सरपटत पुढे येतो, सासूबाईंच्या जोडव्यांवर थांबतो आणि मागे कुठेतरी घुबड घुमतं. ज्या दिवशी ही सीडी घरात पहिल्यांदा लागली त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पदर खोचून त्या जळोचीला सोपानतात्यांच्या स्टुडिओत भांडायला गेल्या.

तात्यांनी त्यांना आधी चहा दिला आणि म्हणाले, "काकू, सगळ्यांच्या सीडीत सनई असती. सासू कुणाच्या ध्यानात ऱ्हाती का? तुमी ऱ्हाणार."

सासूबाई गप परत आल्या. पुढे घरी येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर ती वीज दाखवायचा त्यांनी परिपाठच ठेवला.

तात्या आता नाहीत. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. त्यांच्यासारख्या माणसाने असं गुपचूप जावं हे मला अजून खरं वाटत नाही. निदान एखादं कुत्रं तरी रडायला हवं होतं.

ते मूळचे निमगाव केतकीचे. जळोचीत रस्त्याकडेला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागून माझं ब्युटी पार्लर. मधे पत्र्याची भिंत. लग्नांचं शूटिंग हा त्यांचा धंदा आणि पिच्चर काढणं हा त्यांचा आजार. असे पिच्चर, की ज्यात निसर्ग माणसावर उलटतो. एकात मुंग्या अख्खी वस्ती पोखरतात. एकात उजनीच्या पाण्यातला मांगूर मासा काठावर येऊन धुणं धुणाऱ्या बायांना ओढून नेतो. एकात तर उभा ऊसच माणसं गिळतो. त्यासाठी सांगवीच्या एका फडात चार माणसं पाचटाखाली झोपवली होती आणि ती वर बसलेल्या नटाचे पाय धरून ओढत होती. नट खरंच आत गेला आणि त्याची चप्पल शेवटपर्यंत सापडली नाही. तात्या म्हणाले, उसाला चप्पल पचली.

पैसा नव्हताच. कॅमेरा लग्नाचा, दिवे मांडववाल्याचे, नट गावचे. "भीती फुकट मिळती ताई, बाकी सगळं भाड्यानं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारधर्म म्हणून एकदा त्यांच्या एका भुताळ्या वडाच्या पारंब्यांना मी तेल लावून दिलं आणि तेव्हापासून त्यांच्या सगळ्या पिच्चरचा मेकअप माझ्याकडे आला. किंकाळ्याही माझ्याच. गावच्या नट्या कॅमेऱ्यासमोर ओरडायला लाजायच्या. मग मागाहून पार्लरचं शटर ओढून मी ओरडायची आणि तात्या ते भरून घ्यायचे. पहिल्या वेळी समोरचा गॅरेजवाला पाना घेऊन धावत आला होता. नंतर तो नुसता मान हलवायचा, की चाललंय म्हणून.

कुठलंही जनावर ते आधी स्वतः करून दाखवायचे. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, सदऱ्याच्या खिशात शेंगदाणे ठेवणारा माणूस माझ्या पार्लरच्या फरशीवर चार पायांवर चालायचा. खुर्चीतली गिऱ्हाईक बाई पाय वर घ्यायची. "बगा ताई, कोल्हा असा येत न्हाय. कोल्हा इच्यार करत येतो," असं म्हणत ते विचार करत यायचे. आणि हाच माणूस अंधार पडला की उसाच्या बांधावरून एकटा जायचा नाही. घरी दिवा लावूनच झोपायचा. मी चेष्टा केली की म्हणायचे, "मला भ्या वाटतं म्हणून तर जमतं. न भिणारा काय डोंबल भीती दाखवणार?"

पण त्यांचा एक नेम होता आणि तो मी त्यांना कधी मोडताना पाहिला नाही. पिच्चरच्या सुरुवातीला माणसाने काहीतरी वंगाळ केलंच पाहिजे. ओढ्यात औषधाचे डबे धुणं, घरटी पाडणं, चिंच तोडणं, काहीतरी. "जनावर उगीच येत न्हाय," म्हणायचे. "आदी आपण त्येच्या दारात जातो. मग त्ये आपल्या दारात येतं. पयली पंधरा मिन्टं माणसाची, मग फुडं सगळं जनावराचं." लोक ती पंधरा मिनिटं चहा प्यायला उठायचे. तात्या त्यांना हाताला धरून खाली बसवायचे.

एकदा मात्र निसर्ग खरंच उलटला. रक्तासाठी बाजारातला लाल रंग महाग पडतो म्हणून तात्यांनी गुऱ्हाळावरून काकवी आणली आणि तिच्यात कुंकू कालवलं. काय रंग आला! दाट, चकचकीत, बघणाऱ्याला भोवळ यावी असा. मी नायिकेला कपाळापासून गळ्यापर्यंत ती थापली आणि तिला बांधावर मेल्यासारखं पडायला सांगितलं. पिच्चर होता मुंग्यांचाच. रबरी मुंग्या आम्ही तिच्या अंगावर मांडत होतो. मांडता मांडता तात्या खूश होऊन म्हणाले, "आयला, ह्या तर हलत्यात!" मग नायिका जी उठली, ती दोन वावरं ओलांडून विहिरीच्या पाटात जाऊन पडली. पाठोपाठ कॅमेरा घेऊन तात्या. तेवढी एक किंकाळी त्या पिच्चरमध्ये अस्सल आहे. नंतर त्यांनी त्या पोरीच्या आईचे पाय धरून माफी मागितली. पण तो शॉट काही काढला नाही.

माणसाचं मन मोठं विचित्र. हा गुन्हा त्यांनी हसत हसत पचवला आणि ज्यात त्यांचा हात नव्हता असं लोक म्हणतात तो त्यांना शेवटपर्यंत पचला नाही.

त्यांच्याकडे एक कुत्रा होता. उंच, करडा, मानेवर राठ केसांची झूल असलेला. दुधाच्या टेम्पोखाली मागचा पाय सापडल्यापासून तो मागे वाकून चालायचा. बारसं असो, दहावं असो की सोसायटीची बैठक असो, चार माणसं जमली की हा येऊन मधोमध बसणारच. म्हणून त्याचं नाव मेंबर. आणि मेंबरला अरेतुरे कसं करायचं? तात्या त्याला अहोजाहो करायचे. "या मेंबर. बसा मेंबर. झालं का जेवण?" त्यांची बायको म्हणायची, मला एवढा मान दिला असता तर मी पण शेपूट हलवली असती.

एके दिवशी मेंबर उतारावरून चालत येताना तात्यांनी पाहिला आणि तसेच पत्र्याच्या भिंतीवर थापा मारत माझ्याकडे आले. "ताई, मागनं वाकलेलं, म्होरनं उंच. अवो, आपल्या घरात तरस हाय की!"

तरस तात्यांनी तोवर पाहिलं नव्हतं, मीही नाही. आमच्याकडे लहानपणी पोरं झोपेनात म्हणजे तरसाचं नाव घेतात, तेवढीच ओळख. तात्यांनी मोबाइलवर तरसाचा एक फोटो शोधून काढला आणि मी कामाला लागले. मेंबरला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि बायकांच्या केसांना लावायचा काळा डाय ब्रशने त्याच्या अंगावर पट्ट्यापट्ट्याने ओढला. बैठकीची सवय असल्याने मेंबर शांत बसला होता. पुढच्या उजव्या पायावर एक पट्टा हात घसरून वाकडा गेला. शेजारच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, "ह्याला बरा चढला गं रंग. मला हाच लाव."

'तरस' पिच्चर असा होता. एक ठेकेदार माळावर जेसीबी लावून तरसाची गुहा बुजवतो. कुणाच्या तरी शेततळ्याचं खोदकाम चाललं होतं, तिथे जाऊन तात्यांनी जेसीबी फुकटात शूट केला. मग तरस उसात येतं. ठेकेदाराला खातं, मास्तरांना खातं, वैरणीला गेलेल्या बाईला खातं आणि शेवटी नायक कुऱ्हाड उचलून गावाला म्हणतो, "आज एक तर त्ये, न्हाय तर आपण!" हे वाक्य सुचलं तेव्हा तात्यांनी मला पत्र्यापलीकडून तीनदा ऐकवलं होतं.

निमगावात पांढरा पडदा लावून पिच्चर दाखवला, मग इंटरनेटवर चढवला. पिच्चर कुणी फारसा बघितला नाही. पण कुणीतरी त्यातला एक तुकडा कापला. वैरण कापणारी बाई, हलणारा ऊस, पाचटातून डोकावणारं मेंबरचं पट्टेरी तोंड आणि माझी किंकाळी. वर लिहिलं, "काल सायंकाळी आपल्या शिवारात. सावध रहा." आणि दिलं सोडून. उसाच्या तोडीला आरंभ झाला की दरसाल तो तुकडा नव्या गावाच्या नावाने फिरू लागला. कधी सांगवीचा, कधी इंदापूरकडचा.

तात्यांचा आनंद गगनात मावेना. चहाच्या टपरीवर दोन अनोळखी माणसं तो तुकडा बघून कपाळाला हात लावत होती, ते तात्या चोरून बघत उभे राहिले आणि मला येऊन म्हणाले, "ताई, आपला पिच्चर हिट झाला. नाव न्हाय आलं म्हणून काय झालं?" बाया एकट्यादुकट्या वैरणीला जाईनात. पोरं संध्याकाळी काठ्या घेऊन बांधाने हिंडू लागली. तेही तात्यांनी कौतुकानेच सांगितलं. "पब्लिक भ्यालं बगा." दुसरा भाग काढायचा ठरला. त्यासाठी मेंबरचे पट्टे मी दर दोन महिन्यांनी पुन्हा ओढून देऊ लागले. जळोचीपासून निमगावापर्यंत सगळ्यांना ते कुत्रं ठाऊक झालं होतं. तात्या गावाकडे निघाले की मेंबर गाडीत पुढच्या सीटवर बसून जायचा.

आणि मग ते शेततळ्याचं प्रकरण झालं. मी तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर तात्या पायरीवर बसलेले होते. आत आले, मेंबर बसायचा त्याच खुर्चीत बसले आणि खुर्ची फिरवून आरशाकडे पाठ केली. मग सांगितलं.

शेततळ्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर पाय ठरत नाही. पाण्याला आलेलं जनावर आत गेलं की गेलं, वर येऊ शकत नाही, फिरून फिरून दमतं. निमगावच्या बाजूला एका तळ्यात तसं एक जनावर पडलं होतं. पट्टेवालं. माणसं जमली, हातात दगड आले. पण कुणीतरी म्हणालं, "थांबा रं, सोपानतात्याचं कुत्रं आसंल. त्येला पट्टे हायत." म्हणून सगळे थांबले. दगड हातात धरून थांबले आणि तात्यांना फोन केला.

तात्या त्या दिवशी गावातच होते आणि सकाळपासून मेंबर दिसत नव्हता. ते कुणाच्या तरी फटफटीवर निघाले. वाटेने रडत होते म्हणे. तळ्यावर आले, गर्दी बाजूला झाली, खाली वाकून पाहिलं. खाली पाण्यात कडेला, कागदाला नखं लावून ते उभं होतं. कान मोठे, टोकदार. मेंबरचे कान पडके. तात्यांनी पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"ताई, मला हसू आलं," ते म्हणाले. "आपलं न्हाय म्हणून मला हसू आलं वो. मी हसतच म्हणलं, न्हाय, माझं न्हाय ह्ये!"

एवढंच. त्यांचं हसू पुरतं संपायच्या आत पहिला दगड गेला. मग सगळेच. तात्या ओरडत होते, पण आरड्याओरड्यात कुणाला काही ऐकू जात नव्हतं. त्यात एक जण मोठ्याने ओरडला, "आज एक तर त्ये, न्हाय तर आपण!" आणि माणसांना आणखी चेव आला. वनखात्याच्या गाडीला फोन झाला होता, ती लांबून येत होती. येईपर्यंत उरलं नाही काही. मेंबर गावातच निघाला, पलीकडच्या आळीत एका साखरपुड्यात बसला होता.

"व्हय म्हणलो असतो तर?" तात्यांनी मला विचारलं. "माझंच हाय म्हणलो असतो तर शिडी लावून काढलं असतं की लोकांनी. ती थांबलीच हुती ताई. माझ्यापायी थांबली हुती. कुत्र्याला तरस म्हणून सगळ्या तालुक्याला फसवलं मी. तरसाला एकदा कुत्रं म्हणायचं हुतं, तर खरं बोलून बसलो."

मी म्हणाले, तात्या, तुम्ही खोटं थोडंच बोललात, दगड तुम्ही थोडाच मारला. जे म्हणतात ते सगळं मी म्हणाले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "त्ये मेलेलं खातं म्हणं. वनखात्याच्या साह्यबानं सांगितलं. ढोरं मेली की येतं, खातं, जातं. मला ठावंच न्हवतं. मी त्येला मास्तर खायला लावला." नेहमीप्रमाणे मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्या दिवसानंतर त्यांनी पिच्चर काढला नाही. 'तरस' इंटरनेटवरून उतरवला, पण तो तुकडा थोडाच उतरतो? तो आला की तात्या त्याखाली लिहायचे, "हे खोटे आहे. हे माझे कुत्रे आहे. सोपान." त्यावर लोक उत्तर द्यायचे, "तात्या, प्रसिद्धीची हौस भागली नाही का अजून?" टपरीवर कुणाच्या मोबाइलमध्ये तो दिसला की ते जवळ जाऊन म्हणायचे, "पुसून टाका की राव, लई उपकार हुतील." ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना बसवून पिच्चर दाखवले, तो आता न बघण्यासाठी हात जोडत होता. "पयली पंधरा मिन्टं कुणी बघितलीच न्हाईत ताई," हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की एकदा वैतागून म्हणाले, तात्या, पुरे आता. त्यानंतर माझ्यासमोर म्हणायचे थांबले. मनात म्हणत असणार.

किंकाळी तर माझीच होती. रिक्षात, बाजारात कुणाच्या तरी मोबाइलमधून ती अचानक निघायची आणि मी मान खाली घालायची. पण मी कुणाला पुसून टाका म्हणाले नाही. तेवढी छाती तात्यांचीच.

मेंबरला पुन्हा डाय लावायचा नाही, असं त्यांनी मला सांगितलं. केस वाढत गेले, पट्टे विरले, मेंबर पुन्हा साधा करडा झाला. आणि तात्यांनी एक नवाच उद्योग काढला. शेतात ठिबकच्या जुन्या नळ्या टाकून दिलेल्या असतात. त्या गोळा करून स्टुडिओच्या मागे बसून ते त्यांच्या शिड्या विणू लागले. लांब, रुंद, जाळीसारख्या. लग्नाच्या शूटिंगला ज्या गावी जातील तिथल्या शेततळ्यांवर जायचं, मालकाला विनवायचं आणि एक शिडी कडेच्या खुंटीला बांधून आत सोडायची. म्हणजे पडलेल्या जनावराला पाय रोवता यावा. लोक हसायचे. "तात्या, बेडकांची सोय करताय व्हय?" तात्याही हसायचे. पूर्वी ते हसले की टक्कलसुद्धा हलायचं. आता नुसते दात दिसायचे.

मेंबर म्हातारा होऊन मेला. स्टुडिओच्या मागे शेवग्याखाली आम्ही दोघांनी त्याला पुरलं. मी त्याच्यावर जुना टॉवेल घातला, तोच, डाय लावताना गळ्याभोवती बांधायची तो. तात्या म्हणाले, "मेंबर, बैठक संपली." गावाकडे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. निमगावला कुणी विचारलं, मेंबर न्हाय आलं? की म्हणायचे, जरा बरं न्हाय त्येंला.

त्यानंतरच्या लग्नसराईत निमगाव केतकीला एक लग्न होतं. नवरीचा मेकअप माझा, शूटिंग तात्यांचं. हळद उरकली होती, यजमानांनी तात्यांच्या टकलावर गुलाबी फेटा बांधला होता. नवरीचा एक डोळा मी पुरा केला होता, दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात मांडवात गलका झाला. ओढ्यापलीकडच्या तळ्यात तरस पडलंय. फेटेवाली पोरं मांडवाच्या मेढी उपसून पळाली. मी खिडकीतून पाहिलं तर तात्या कॅमेरा तिथेच खुर्चीवर ठेवून गाडीकडे धावत होते. आयुष्यात त्या माणसाने कॅमेरा असा कुठे टाकला नव्हता. मी नवरीला म्हणाले, डोळ्याला हात लावू नकोस, आले, आणि हातात ब्रश तसाच घेऊन त्यांच्या गाडीत बसले.

तळ्याच्या बांधावर ही गर्दी. खाली पाण्याच्या कडेला ते उभं होतं. भिजलेलं, थकलेलं, तोंड उघडं. मी पहिल्यांदाच तरस पाहत होते. मेंबरसारखं अजिबात नव्हतं. मागून वाकलेलं, पुढून उंच, एवढंच काय ते साम्य. मी इतकी वर्षं काय रंगवत होते, असं मला वाटलं.

एकाने दगड उचलला होता. तात्या गर्दीत घुसले, दोन्ही हात वर करून ओरडले, "माझं हाय! आरं थांबा, माझं मेंबर हाय त्ये!"

हात थांबले. सगळे तात्यांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, "तात्या, तुमचं कुत्रं न्हवं ह्ये. केवढं हाय बगा की."

"भिजलंय म्हणून दिसतंय तसं. माझं मला वळकू येत न्हाय व्हय?"

"आन् पट्टे? इतकी वर्सं झाली की त्या पिच्चरला."

तात्या वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फेटा सुटून खांद्यावर आला होता, डोळ्यांत पाणी होतं. सगळी गर्दी माझ्याकडे बघू लागली. "ताई, तुमीच रंगवता न्हवं?"

मी म्हणाले, "मीच. दुसरा भाग काढायला घेतलाय ना तात्यांनी, दर दोन महिन्यांनी टचअप करावा लागतो. तो पुढचा पट्टा बघा, वाकडा गेलाय माझा. मागच्या वेळी हात हलला." आणि पुरावा म्हणून हातातला ब्रश दाखवला. गर्दीतल्या बायांनी माना हलवल्या. केसांच्या रंगाचं त्यांना मी काय सांगावं?

"आता बाजूला व्हा समदी," तात्या म्हणाले. "मेंबरला गलका सोसत न्हाय. लांब, आजून लांब." माणसं पार ओढ्यापर्यंत मागे सरकली. गाडीतली शिडी तात्यांनी काढली, खुंटीला बांधली, आत सोडली आणि स्वतः पाच-दहा पावलं मागे येऊन बसले. मग त्यांनी हाक मारली. "या मेंबर. या. घाबरू नगा. वर या."

ते बराच वेळ आलं नाही. मग नळीत नखं अडकवत, घसरत, पुन्हा अडकवत वर आलं. काठावर उभं राहिलं. उग्र वास आला. त्याने तात्यांकडे पाहिलंही नाही. मान खाली घालून बांध उतरलं आणि पलीकडच्या माळावरच्या झुडपांत शिरलं.

माझ्या मागे एक म्हातारे आबा उभे होते. ते हळूच म्हणाले, "कुत्रं मालकाकडं न बघताच गेलं म्हणायचं." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हातातली काठी गवतात टाकली, धोतराला हात पुसले आणि मांडवाकडे निघाले. हळूहळू बाकीचेही निघाले. लग्न खोळंबलं होतं.

मी तात्यांजवळ गेले. म्हणाले, तात्या, सुटलं बघा.

"व्हय," ते म्हणाले. "एवढंच म्हणायचं हुतं बगा ताई. माझं हाय. दोन शब्द. तवा तोंडात आलं न्हाईत." मग म्हणाले, "ह्ये सुटलं. त्ये न्हाय सुटलं."

नवरीचा एकच डोळा झाला होता, मला थांबता येईना. तात्या त्या लग्नात नंतर आले, चिखलाच्या पँटीने शूटिंगही केलं आणि त्या नवरीच्या सासूवरही वीज पाडली म्हणतात. त्यातलं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी ओढा ओलांडला आणि मागे वळून पाहिलं. बांधावर आता कुणी नव्हतं, फसवायला एकसुद्धा माणूस उरलं नव्हतं. तात्या तळ्याच्या काठावर उकिडवे बसले होते, गुलाबी फेटा दोन्ही हातांत धरून, आणि रिकाम्या पाण्याकडे बघून म्हणत होते, "मेंबर, चुकलं माझं. चुकलं."